ढोल वाजवून झालाय, आता ड्रम्स शिकायचेत: किट कोणतं घ्यावं आणि हात-पाय सुटे कसे करावेत?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल. वय ३६, पुण्यात पथकात पाच-सहा सीझन ढोल वाजवलाय, दुसरं कुठलं वाद्य शिकलेलं नाही, ऑफिसातल्या मित्रांचा छोटा बँड आहे आणि त्यांना ड्रमर हवाय. तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, बजेट पन्नास हजारांच्या आत, आणि तुम्ही डावखुरे. यूट्यूबवर बघून खुर्चीत बसून मांडीवर वाजवून पाहिलंत तर पाय हाताच्या मागे मागे जातोय, आणि त्यावरून तुम्ही ठरवून टाकलंत की आता वय गेलं.

वयाचं सोडा हो. माझ्याकडे ड्रम्स शिकायला रिटायर झालेले काकापण येतात आणि व्यवस्थित वाजवतात. लहान पोरं लवकर शिकतात कारण त्यांच्याकडे वेळ असतो आणि चुकलं तर त्यांना काही वाटत नाही, मोठ्या माणसाला मात्र आपण वाईट वाजवतोय हे चांगलंच ऐकू येतं म्हणून तो कंटाळून सोडून देतो. हात-पाय एकत्र न चालणं हे सुरुवातीला सगळ्यांचंच होतं, तबला शिकलेल्यांचंसुद्धा, त्याचा वयाशी फारसा संबंध नाही.

किटचा प्रश्न तुम्ही पहिला विचारलात पण माझ्या मते तो शेवटचा आहे. तुमची खरी अडचण वेगळीच असणारे आणि ती पथकातून आलेल्या जवळजवळ प्रत्येकाची असते: तुम्ही आजवर कधी एकट्याने वाजवलेलंच नाही.

हे जरा नीट सांगतो. ड्रम सेट हे मुळात एका माणसाचं वाद्य नव्हतंच. मिलिटरी बँडमध्ये मोठा बास ड्रम एक जण, स्नेअर दुसरा, झांजा तिसरा, असे वेगवेगळे लोक वाजवायचे. मग थिएटरात जागा कमी आणि पैसे त्याहून कमी, म्हणून एकाच माणसाला बसवून दोन-तीन कामं करायला लावायला लागले. १९०९ साली अमेरिकेत लुडविगने बास ड्रमच्या पायपेडलचं पेटंट घेतलं, चांगलं वेगवान पेडल मिळाल्यावर बास पायाकडे गेला आणि हात मोकळे झाले, पुढे १९२० च्या दशकात डाव्या पायाखाली झांजांची जोडी आली, ती वर उचलून हाताने वाजवण्याइतकी उंच केली तीच आजची हाय-हॅट. म्हणजे आख्खं पथक एका स्टुलावर बसवलंय असं समजा. किक, म्हणजे पायाने वाजवायचा बास ड्रम, हा तुमचा ढोल, स्नेअर म्हणजे ताशा, सिम्बल म्हणजे झांज. पथकात तुम्ही यातलं एकच काम केलंय, तेही ताशाकडे कान ठेवून. लय ताशेवाल्याने धरायची आणि तुम्ही त्याच्या मागे जायचं. तुमचा एखादा ठोका मागे-पुढे पडला तरी आजूबाजूच्या पन्नास ढोलांत तो झाकला जायचा. इथे झाकायला कोणी नाही, उलट गिटारवाला, बेसवाला, गाणारा सगळे तुमच्या तोंडाकडे बघणार.

पण ढोलामुळे तुमचं नुकसानच झालंय असं नाही. सम कुठे आहे हे तुम्हाला अंगात कळतं, नवीन माणसाला तेच कळायला वेळ लागतो. दम आहे. पाठांतर आहे. सोडायच्या सवयी मात्र तीन: खांद्यातून मारणं, काठी कातड्यावर दाबून ठेवणं, आणि रंगात आलं की लय चढवणं. पथकात लय चढवणं ही मजाच असते, लोक त्यावर नाचतात, बँडमध्ये तेच केलंत तर गाणारा दुसऱ्या कडव्यात धापा टाकेल.

आधी काठीबद्दल. ५ए नंबरच्या हिकरी लाकडाच्या स्टिक्सची जोडी घ्या. ढोलवाल्यांचा हात दुकानात आपोआप जाड ५बी नाहीतर २बी कडे जातो कारण ढोलाच्या काठीची, टिपरूची सवय असते, तिकडे जाऊ नका, आणि फार बारीक ७ए पण आत्ता नको. सोबत एक प्रॅक्टिस पॅड. स्टिक्स आणि पॅड दोन्ही मिळून दोन-अडीच हजारांत बसायला हरकत नाही, आणि पहिले दोन-तीन महिने माझ्या मते तुम्हाला याच्यापलीकडे काही लागत नाही.

पकड दोन्ही हातांची सारखीच ठेवा. जॅझवाले डावा हात उलटा धरतात ती पद्धत तिरक्या लटकवलेल्या मार्चिंग ड्रमवरून आलेली आहे, दिसायला भारी आहे, पण आत्ता तिचं काही काम नाही. काठीच्या मागच्या टोकाकडून साधारण एक तृतीयांश अंतरावर अंगठा आणि पहिलं बोट, बाकीची बोटं नुसती टेकलेली, आवळलेली नाहीत. आता ही परीक्षा करा: मनगट थोडं वर घेऊन काठी पॅडवर सोडून द्या आणि काही करू नका, ती आपोआप किती वेळा उडते ते ऐका. टक, टक, टकटकटक असं होत विरली पाहिजे. पहिल्यांदा तुमची एकदा टक होऊन थांबेल, कारण तुम्ही मूठ आवळणार. ढोलाचं कातडं सैल असतं आणि त्यावर काठी रुतवूनच तो घुमारा येतो, स्नेअरचं हेड म्हणजे वरचा पडदा ताणलेला असतो, काठी परत येतेच, तिला फक्त येऊ द्यायचं. हे एक जमलं की हात दुखणं, फोड येणं, बऱ्याच तक्रारी बंद होतात. शिकवताना मी सगळ्यात जास्त वेळ कशावर घालवत असेन तर यावर, आणि लोकांना सगळ्यात जास्त कंटाळा पण याचाच येतो.

पॅडवर करायचं काय? पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटी या तालवाद्यवाल्यांच्या संस्थेची ४० रुडिमेंट्सची, म्हणजे हातांच्या मूळ पाठांची, यादी आहे, नेटवर लगेच मिळेल, पण ती भिंतीवर चिकटवून घाबरून जाऊ नका. तुम्हाला आत्ता चार पुरतात. सिंगल म्हणजे उजवा-डावा-उजवा-डावा. डबल म्हणजे उजवा-उजवा-डावा-डावा. पॅराडिडल म्हणजे उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा. आणि फ्लॅम, म्हणजे मुख्य ठोक्याच्या किंचित आधी दुसऱ्या हाताची हलकी टिचकी. स्पीडच्या मागे लागू नका, डोळे मिटून ऐकताना कुठला ठोका उजव्याचा आणि कुठला डाव्याचा हे ओळखू आलं नाही पाहिजे, एवढं बघा. रोज वीस मिनिटं. रविवारी तीन तास बसून काही होत नाही, सोमवारी फक्त मनगट दुखतं.

आता तुमचा हात-पायांचा मुद्दा. तुम्ही मांडीवर वाजवताना सगळं एकदम करायला गेलात, तिथेच अडकलात. असं करा. आठपर्यंत सावकाश मोजा, केरव्याच्या आठ मात्रा असतात तशा. उजवा हात प्रत्येक आकड्याला, हा हाय-हॅट. उजवा पाय १ आणि ५ ला, ही किक. डावा हात ३ आणि ७ ला, हा स्नेअर. सगळ्यात साधा रॉक बीट झाला, यावर ढीगभर गाणी निघतात. पण वाजवायच्या आधी तोंडाने म्हणा: धूम चिक टक चिक, धूम चिक टक चिक. आपल्याकडे तबल्यात आणि कथकात बोल आधी पढतात ते उगाच नाही, जे तोंडात बसलेलं नाही ते हातात उतरत नाही. मुंबईचे रणजित बारोट, कथकच्या सितारादेवींचे चिरंजीव, ड्रम्स वाजवता वाजवता तोंडाने बोल म्हणतात, त्यांचे व्हिडिओ बघा म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल.

तोंडात बसलं की फक्त उजवा हात आणि पाय. डावा हात मांडीवर गप्प. हे इतकं सवयीचं होऊ द्या की घरातल्यांनी भाजीला काय करू विचारलं तर न थांबता उत्तर देता आलं पाहिजे. मग उजवा हात बंद, नुसता पाय आणि डावा हात: धूम, टक, धूम, टक. मग तिन्ही. कोणाला हे एका बैठकीत जमतं कोणाला दोन आठवडे लागतात, दोन्ही नॉर्मल आहे.

पुढची पायरी म्हणजे हात तेच ठेवायचे आणि फक्त पाय बदलायचा. पाय १, ५ आणि ६ ला: धूम चिक टक चिक धूम धूम टक चिक. इथे पाय सलग दोनदा पडतो आणि डावा हातही उगाच ६ ला पडायला बघतो, नाहीतर उजवा हात तिथे जोरात पडतो. पडू दे, लय कमी करा, परत करा. त्यानंतर पाय १, ४ आणि ६ ला: धूम चिक टक धूम चिक धूम टक चिक. ५ ला किक नाही हे पायाला पटतच नाही. ज्या दिवशी हा तिसरा बीट दोन मिनिटं न तुटता वाजला त्या दिवशी हात-पाय सुटे झाले असं समजायला हरकत नाही. किती दिवसांत ते मी सांगणार नाही कारण ते तुमच्या रोजच्या वीस मिनिटांवर आहे.

आणि हे सगळं मेट्रोनोमवर, म्हणजे ठरावीक लयीत टकटक देणाऱ्या यंत्रावर, सुरुवातीपासून. फोनवर फुकट अॅप आहेत. मिनिटाला ६० ठोक्यांवर लावा आणि टकटक १, ३, ५, ७ ला येतेय असं धरा. पथकातल्या माणसाला मेट्रोनोम फार त्रास देतो, त्याला वाटतं मशीनच स्लो होतंय. फोनवर रेकॉर्ड करून ऐका, कोण पळतंय ते कळेल. थोडं स्थिर झालं की ही युक्ती करा: ८० ची लय हवी असेल तर मेट्रोनोम ४० ला ठेवा आणि ती टक फक्त ३ आणि ७ ला, म्हणजे स्नेअरच्या जागी पडतेय असं माना. आता मधली जागा भरायची जबाबदारी तुमची. पथकातला ताशेवाला गेला आणि त्याच्या जागी तुम्ही आलात, ते नेमकं इथे. लोक सगळ्यात जास्त फिलमध्ये, म्हणजे बीट सोडून मध्ये वाजवायच्या छोट्या तुकड्यात, पळतात, म्हणून तीन आवर्तनं बीट आणि चौथ्यात फिल असा सराव करा, आणि फिल संपून १ ला किक आणि क्रॅश (मोठी झांज) टकटकीवर बरोबर उतरले का तेवढंच बघा. फिल साधा असला तरी चालेल, उतरणं चुकलं तर मात्र सगळ्यांना कळतं.

डावखुरेपणाबद्दल विचारलंत म्हणून. दोन्ही बाजूंनी थोर ड्रमर आहेत: रिंगो स्टार डावखुरे असून उजव्या मांडणीवर वाजवतात, फिल कॉलिन्स यांनी किटच उलटं मांडून घेतलं, बिली कोबम डाव्या हाताने हाय-हॅट वाजवतात म्हणजे नेहमीसारखी उजवा हात डाव्यावरून हाय-हॅटकडे न्यायची भानगडच नाही. तुमच्या बाबतीत मी एक विचारीन, पथकात टिपरू कुठल्या हातात असायचं? उजव्या हातात असेल तर त्या हाताला आधीच वर्षानुवर्षांची ट्रेनिंग झालेली आहे, सरळ उजव्या मांडणीने शिका. यात व्यवहारी भाग पण आहे, जॅम रूममध्ये (बँडच्या सरावाची भाड्याची खोली) किंवा गॅदरिंगला किट उजव्याच पद्धतीने लावलेलं असतं आणि तुमच्यासाठी ते दहा मिनिटं उलटं करत बसायला कोणी थांबत नाही. डाव्या हातात असेल आणि फुटबॉलला लाथही डाव्यानेच मारत असाल तर मात्र जबरदस्ती नको, दोन्ही मांडण्या आठवडाभर करून बघा.

आता किट. तिसऱ्या मजल्यावर अकूस्टिक, म्हणजे बिनविजेचं खरं किट विसरा. आपल्याकडे २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल आहे, आणि अकूस्टिक ड्रम्स सहज १०० च्या वर जातात. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तुमचं काय होईल ते मी सांगायला नको. म्हणून इलेक्ट्रॉनिक, आणि त्यात रबरी पॅडपेक्षा मेश म्हणजे जाळीच्या हेडचं बघा. रोलंडने १९९७ मध्ये जाळीचे पॅड आणले तेव्हा ते महागडं प्रकरण होतं, आता तुमच्या बजेटमध्ये सुरुवातीची मॉडेल मिळतात, भाव सारखे बदलतात त्यामुळे आकडा दुकानातच विचारा.

दुकानदार एक गोष्ट सहसा सांगत नाहीत. हेडफोन लावले म्हणजे शेजाऱ्यांना काही ऐकू येत नाही हे अर्धसत्य आहे. हातांचा आवाज जाळीमुळे जातो पण किक पेडलचा दणका स्टँडमधून फरशीत आणि फरशीतून खालच्यांच्या छतात जातो, आणि त्यांना वर कोणीतरी कुटतंय असं ऐकू येतं. नुसत्या गालिच्याने हे थांबत नाही. अठरा एमएम प्लायच्या दोन फळ्या घ्या, दोन्हीत समोरासमोर अशी भोकं पाडा की टेनिस बॉल अर्धवट बसेल पण आरपार जाणार नाही, मध्ये बॉल ठेवून वरच्या फळीवर जाड मॅट आणि त्यावर आख्खं किट. सुतार हे एका दुपारीत करून देतो. मग स्वतः खाली जा, बेल वाजवा, चहा घ्या, आणि वर घरच्या कोणालातरी पेडल मारायला सांगून काय ऐकू येतं ते बघा. शेजाऱ्यांशी नीट बोलून दुपारची किंवा संध्याकाळची एक वेळ ठरवलीत तर निम्मा प्रश्न तिथेच मिटतो.

पण फक्त इलेक्ट्रॉनिकवर राहू नका. त्यात हळू-जोराचा बारकावा सपाट होतो आणि तुम्हाला तर हळू वाजवणंच शिकायचंय. महिन्यातून दोन-तीनदा तासाच्या भाड्याने जॅम रूम घ्या, खऱ्या किटवर बसा. आणि तिथे कानात प्लग घाला. नायॉश या अमेरिकी संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलचा आवाज आठ तास चालतो आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० ला फक्त पंधरा मिनिटं. पथकात कापसाचे बोळे घालून वाजवलं असेल तर तो काही उपाय नव्हे, फोमचे चांगले प्लग किंवा कारखान्यात वापरतात तसे इअरमफ घ्या.

स्टुलावर मात्र पैसे वाचवू नका. सेटबरोबर बऱ्याचदा जे फुकट देतात ते डुगडुगतं. उंची अशी ठेवा की मांडी गुडघ्याकडे किंचित उतरती राहील, गुडघा कमरेपेक्षा वर आला की पाठ आणि पाय दोन्ही लवकर थकतात.

यूट्यूबवरून जमेल का? पुढे जमेल, सुरुवातीला नाही. व्हिडिओ तुम्हाला दाखवतो, पण तो तुमच्याकडे बघत नाही, आणि पकड आणि बसणं या दोन गोष्टी समोरच्याने बघूनच सुधारतात. दोन-तीन महिने आठवड्यातून एकदा कोणाकडे तरी जा. शिक्षक कसा ओळखायचा तर पहिल्या तासाला तो तुम्हाला वाजवून दाखवतोय की तुम्हाला वाजवायला लावून बघतोय ते पाहा. ट्रिनिटी किंवा रॉकस्कूलच्या ग्रेडच्या परीक्षा आहेत, त्यांचा सिलॅबस चांगला आहे, वाचता येणं त्यातून येतं, पण बँडमध्ये चार गाणी वाजवायची असतील तर परीक्षा दिलीच पाहिजे असं काही नाही.

ऐकण्याचा अभ्यास सोपा आहे आणि ट्रॅफिकमध्ये होतो. एका गाण्यात फक्त पाय ऐका, दुसऱ्यांदा फक्त हाय-हॅट. रोलिंग स्टोन्सचे चार्ली वॉट्स बघा, स्नेअर मारताना ते उजवा हात हाय-हॅटवरून उचलून घ्यायचे, एक ठोका गाळायचे, आणि त्याने सगळं कसं मोकळं वाटतं. आर. डी. बर्मन यांच्याकडे ड्रम्सवर फ्रँको वाझ असायचे, ती गाणी तर तुम्हाला पाठ असतील, आता गायकाला सोडून ऐका.

बँडला काय सांगायचं? सांगा की तीन-चार महिन्यांनी दोन संथ गाणी वाजवीन, फिल नाहीत, नुसता बीट. न पळणारा ड्रमर मिळाला तर कुठलाही बँड खुश असतो, फिलवरून कोणी कुरकुर करणार नाही.

शेवटी, जुनं इलेक्ट्रॉनिक किट मिळालं तर जरूर घ्या, हौसेने घेऊन बेडरूममध्ये कपडे वाळत घालायला वापरलेली बरीच किट्स विकायला येतात. पैसे देण्याआधी हेडफोन लावून प्रत्येक पॅड मधोमध आणि कडेला, हळू आणि जोरात वाजवून बघा, हळू मारल्यावर आवाजच येत नसेल तर सेन्सर गेलेला असू शकतो. हाय-हॅटचं पेडल पूर्ण दाबून, अर्धं सोडून, पूर्ण सोडून बघा, तिन्हीचा आवाज वेगळा आला पाहिजे. केबल हलवल्यावर खरखर होते का ते ऐका. आणि पेडल, स्टूल, अॅडॉप्टर किमतीत धरलेत की नाही ते आधी विचारा, नाहीतर घरी आणल्यावर तेवढ्यासाठीच आठ-दहा हजार परत जातात.